पुरातून निघालेलं सागवानी कपाट आणि रंध्याची घाई

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा: घरात दीड दिवस मांडीपर्यंत पाणी होतं, आज चौथा दिवस आहे. सासूबाईंच्या सागवानी कपाटाचं दार फुगून अडकलंय, खालचा खण उघडत नाही, पॉलिश पांढरं पडलंय. शिवाय झोपाळा, देव्हारा, वेताच्या चार खुर्च्या, प्लायचा दिवाण आणि मुलाचं अभ्यासाचं टेबल पाण्यात होतं. शेजारी म्हणतात सगळं उन्हात टाका. एक सुतार म्हणाला, दार तासून देतो, गणपतीच्या आत पॉलिशही करून देतो. काय करावं?

त्या सुताराला आत्ता नाही म्हणा. माणूस वाईट असेल म्हणून नव्हे, मीही एकेकाळी हेच केलं आहे. 26 जुलै 2005 च्या पुरानंतर चिपळुणात कामाची रीघ लागली होती. दार लागत नाही म्हटलं की मी रंधा काढायचो. एका घरातल्या मोठ्या कपाटाची दोन्ही दारं मी अशीच तासून, पॉलिश मारून गणपतीच्या आधी दिली. घरचे खूश झाले. दिवाळीनंतर त्यांनी बोलावलं तेव्हा दोन दारांच्या मधून माझी करंगळी आरपार जात होती. पॉलिशखाली ढगासारखे पांढरे डाग आले होते ते वेगळेच. तासलेलं लाकूड परत आणता येत नाही. शेवटी मी माझ्या खर्चाने एका दाराला सागवानी पट्टी जोडून दिली, पण ती पट्टी आजही दिसते. 22 जुलै 2021 ला वाशिष्ठी नदीचं पाणी बाजारपेठेत पहिल्या मजल्यापर्यंत चढलं. त्या वर्षी गणपती 10 सप्टेंबरला होते, म्हणजे पुरानंतर जेमतेम पन्नास दिवसांनी. त्या पन्नास दिवसांत मी एकाही सागवानी दाराला रंधा लावला नाही. लोक रागावले. पण त्यातली बहुतेक दारं पुढे हिवाळ्यात आपली आपण लागायला लागली.

असं का होतं ते समजून घ्या, म्हणजे घरातली चार माणसं चार सल्ले देतील तेव्हा तुम्हाला ठाम राहता येईल. लाकूड पाणी पितं ते रुंदीत फुगतं. लांबीत जवळपास काहीच फरक पडत नाही. फूटभर रुंदीची सागवानी फळी पूर्ण भिजली तर चार ते आठ मिलिमीटर रुंद होते, फळी कशी कापलेली आहे त्यावर कमी-जास्त. सुकली की तेवढीच परत आकसते. म्हणजे आज अडकलेलं दार बिघडलेलं नाही, ते फक्त ओलं आहे. दुसरी गोष्ट, ओल बाहेरून आत जायला दीड दिवस लागला, तर आतून बाहेर यायला दीड-दोन महिने लागतात. वरचा थर चार दिवसांत कोरडा दिसतो, हाताला लागतही नाही, पण गाभ्यात पाणी असतं. याच फसव्या कोरडेपणावर लोक पॉलिश मारतात.

उन्हात टाकायचं नाही तेही याचसाठी. वरचा थर झपाट्याने सुकून आकसायला बघतो आणि आतलं ओलं लाकूड त्याला आकसू देत नाही. मग वरचा थर फाटतो. फळीच्या टोकांना उभे तडे जातात, रुंद फळ्या पन्हळीसारख्या वाकतात. जुलै-ऑगस्टचं कोकणातलं ऊन तर आणखी वाईट, तासभर कडक ऊन आणि मग सर. सावली आणि वारा, बस. पंखा छताचा, हळू. टेबलफॅन थेट लाकडावर लावू नका. एसी असेल तर पहिला आठवडा गेल्यावर दिवसातून दोन-तीन तास चालायला हरकत नाही.

आता या आठवड्याचं काम.

सगळ्यात आधी फोटो काढा. प्रत्येक वस्तूचा, आणि भिंतीवर पाणी कुठवर आलं होतं त्या रेषेचा. पंचनामा होईपर्यंत खराब झालेलं टेबलसुद्धा बाहेर फेकू नका, नुकसानीत ते दिसलं पाहिजे. विमा असेल तर तेच.

मग गाळ. गाळ अजून ओला आहे तोवर काढा, सुकला की तो सिमेंटसारखा कोपऱ्यात बसतो आणि खरवडताना पॉलिश घेऊन निघतो. पुराच्या पाण्यात गटाराचं पाणी असतं, म्हणून हातमोजे आणि तोंडाला मास्क. बादलीत साधं पाणी, त्यात भांडी घासायच्या साबणाचे चार थेंब, मऊ फडकं. पाण्याचा जोरदार फवारा नको. देव्हाऱ्यावर कोरीव काम असेल तर जुना दात घासायचा ब्रश आणि बांबूची टोकदार काडी घ्या. टाचणी, स्क्रूड्रायव्हर अजिबात नको, ओलं लाकूड लोण्यासारखं ओरखडतं. धुऊन झालं की सुक्या सुती कपड्याने टिपून घ्या, घासू नका. वर्तमानपत्र खणात कोंबू नका, शाई लाकडात उतरते. ब्लीचिंग पावडर फरशीला वापरा, लाकडाला नको, लाकडाचे तंतू उभे राहतात आणि रंग उडतो.

कपाट रिकामं केल्याशिवाय हलवू नका. भिजलेलं सागवान किती जड होतं ते उचलल्यावरच कळतं. ढकललं तर पाय मोडतात, कारण जुने सांधे आत्ता ढिले असणार. चौघांनी खालून धरून उचला, वरच्या महिरपीला धरून नाही. पायाखाली दोन-तीन इंचांची उंची द्या. त्यासाठी आपल्याकडे लोक जांभ्याचा चिरा घेतात. तो घेऊ नका, चिरा पाणी धरून ठेवतो आणि लाकडाला लाल डाग सोडतो. गुळगुळीत फरशीचे तुकडे चालतील. भिंतीपासून कपाट हातभर लांब ठेवा, भिंतसुद्धा अजून महिनाभर ओल सोडणार आहे.

आता तो खण. पुढून मूठ धरून ओढू नका, मूठ हातात येईल किंवा खणाची पुढची पाटी निघून येईल. ती पाटी बाजूच्या फळ्यांत खाचा पाडून बसवलेली असते आणि भिजल्यावर तोच सांधा सगळ्यात कमजोर होतो. कपाट भिंतीपासून सोडवून मागे जा. जुन्या कपाटांची पाठ पातळ फळ्यांची असते, खिळ्यांनी किंवा स्क्रूने लावलेली. खालच्या दोन-तीन फळ्या अलगद सोडवा, कुठली कुठे होती ते खडूने आकडा घालून लिहा. मग खणाच्या मागच्या बाजूला, अगदी खालच्या कडेला लाकडाचा सपाट ठोकळा टेकवा आणि लाकडी हातोड्याने डावीकडे एक, उजवीकडे एक असे हलके ठोके द्या. 2021 मध्ये एका आजींच्या कपाटाचा खण मी असा काढत होतो. पंधरा-वीस ठोक्यांपर्यंत काहीच होत नव्हतं. मग एक ओलसर ‘चुक्’ असा आवाज आला आणि खण बोटभर पुढे सरकला. त्या फटीतून आधी पातळ चिखल ओघळला आणि त्यामागून एक कुंकवाचा करंडा घरंगळत आला. आजी मागे उभ्या होत्या. त्यांनी तो पदराने पुसला आणि नंतर किती वेळ काही बोलल्या नाहीत. त्या दिवशी खण फोडून काढला असता तर दहा मिनिटांत झालं असतं. आम्हाला पाऊण तास लागला आणि तो खण आज त्याच कपाटात सरकतो आहे.

दार अडकलं असेल तर तेही पहारीने उचकटू नका. पाठ उघडलेलीच आहे, आतून हलका दाब द्या. दार उघडलं आणि बिजागरीचे स्क्रू सहज निघत असले तर दार काढूनच ठेवा. सपाट जागेवर चार सारख्या जाडीच्या कोरड्या पट्ट्या टाका, त्यांवर दार आडवं ठेवा, म्हणजे वरून-खालून सारखा वारा लागेल. दोन दिवसांनी उलटा. भिंतीला तिरकं टेकवून ठेवलेलं दार पीळ धरतं, आणि तो पीळ काढणं मलाही जड जातं.

लाकूड सुकलं की नाही हे ओळखायची माझी पद्धत अगदी घरगुती आहे. सुटा निघालेला एक खण किंवा एक फळी घ्या, वाण्याच्या काट्यावर तिचं वजन करा आणि तारखेसह खडूने तिच्याच मागच्या बाजूवर लिहा. दर आठवड्याला त्याच काट्यावर पुन्हा. सुरुवातीला वजन भराभर उतरतं, मग हळूहळू. लागोपाठ तीन आठवडे आकडा हलला नाही की ती फळी त्या ऋतूत जेवढी सुकायची तेवढी सुकली. ओल मोजायचं दोन सुयांचं यंत्र मिळतं, ते सुताराकडे असेल तर उत्तमच, पण काट्याचा आकडा खोटं बोलत नाही.

‘त्या ऋतूत’ असं म्हणालो कारण पावसाळ्यात कोकणातली हवाच इतकी दमट असते की कधीही न भिजलेल्या सागवानातसुद्धा अठरा टक्क्यांच्या आसपास ओल असते. कोरड्या दिवसांत ती बारा-तेरावर येते. म्हणून गणपतीपर्यंत लाकूड पूर्ण सुकणं शक्यच नाही, कुणीही काहीही सांगो. दारांची मापं आणि शेवटचं पॉलिश दिवाळीनंतर, डिसेंबरात केलंत तर सगळ्यात चांगलं. गणपतीत कपाटावर स्वच्छ चादर टाका, आणि फक्त सणापुरती, रात्री काढून ठेवा. पाहुण्यांना सांगा, पुरातून आलंय, सुकतंय. आपल्या भागात हे कुणाला समजवावं लागत नाही.

बुरशी येणार. दोन-तीन दिवसांत यायला लागते, तेव्हा तुमच्या कपाटाच्या आत आत्ताच पांढरट-हिरवट ठिपके असतील. कोरड्या ब्रशने झाडू नका, घरभर उडते. ओल्या फडक्याने टिपून घ्या, फडकं प्रत्येक वेळी साबणात धुवा. आतल्या, पॉलिश नसलेल्या भागावर स्पिरिटचं फडकं फिरवलं तर चालतं, पण खिडक्या उघड्या ठेवा, जवळ समई-शेगडी नको. बाहेरच्या पॉलिशवर मात्र स्पिरिट लावू नका, का ते पुढे सांगतो. त्यानंतर आतल्या बाजूंना, पायांना, तळाला बोरॅक्स आणि बोरिक पावडरचं पाणी ब्रशने लावा: लिटरभर गरम पाण्यात तीस ग्रॅम बोरॅक्स, वीस ग्रॅम बोरिक. याने बुरशी थांबते आणि पुढे भुंगेरा लागत नाही. आणखी ओल कशाला, असं वाटेल. पण हे द्रावण ओलसर लाकडातच खोल शिरतं, सुकल्यावर लावलं तर वरवर राहतं. हातमोजे घाला, मुलांपासून लांब ठेवा. रॉकेल लावायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. वास सहा महिने जात नाही, आगीचा धोका असतो, आणि वर पॉलिश नीट धरत नाही. खोबरेल तेलही नको. दोन दिवस चकाकी येते, मग त्यावर धूळ आणि बुरशी दोन्ही बसतात.

आता बाकीच्या वस्तूंचं एकेक करून.

मुलाचं टेबल जवळपास नक्की पार्टिकल बोर्डाचं किंवा एमडीएफचं, म्हणजे लाकडाचा भुसा गोंदात दाबून केलेल्या फळीचं असणार. कडा फुगून सनमायका उचकटलाय का बघा. असेल तर ते गेलं. भिजलेल्या बिस्किटासारखं आहे ते, सुकल्यावर फुगवटा तसाच राहतो आणि स्क्रू धरत नाही. त्यावर एक रुपया घालू नका. बिजागऱ्या, खणांची चॅनेलं, काच काढून ठेवा, उरलेलं पंचनाम्यानंतर टाका.

दिवाणाचं प्लायवर अवलंबून आहे. स्वस्त प्लायमधला गोंद पाण्यात सुटतो. मरीन प्लाय, ज्यावर आयएस 710 असा भारतीय मानकाचा शिक्का असतो, त्याच्या चाचणीत तुकडा 72 तास उकळत्या पाण्यात ठेवतात आणि तरी थर सुटू नयेत अशी अट असते. त्याला दीड दिवसाचा पूर म्हणजे काहीच नाही. शिक्का दिसत नसेल तर कड बघा: खारीसारखे पापुद्रे सुटलेत का? बोटाच्या पेराने वाजवा, घट्ट प्लाय टणक वाजतो, सुटलेला पोकळ. फक्त खालची चार बोटं सुटली असतील तर तेवढीच कापून तिथे लाकडी पट्टी देता येते. सगळीकडे पोकळ वाजत असेल तर वरची फळी नवीन टाका, चौकट लाकडी असेल तर ठेवा. गादी मात्र टाकून द्या, कापसाची असो वा फोमची. गटाराचं पाणी गादीतून निघत नाही.

वेताच्या खुर्च्या साबणाच्या पाण्याने धुऊन सावलीत उलट्या टांगा. वेत ओला असताना त्यावर बसलं तर बैठक खाली जाते ती जातेच. दहा-बारा दिवस बसू नका, बस इतकंच.

झोपाळ्याची फळी बहुधा एकसंध आणि जाड असेल. ती वाकलेली दिसली तर घाबरू नका. वरची बाजू आधी सुकली आणि खालची ओली राहिली की फळी वर वळते. दोन्ही बाजू सारख्या सुकल्या की बरीचशी सरळ होते. तिच्यावर दगड ठेवून किंवा खाली लोखंडी पट्टी ठोकून जबरदस्तीने सरळ करू नका, मधोमध चिरेल. पट्ट्यांवर आडवी ठेवून उलटत राहा. छताचे हूक आणि फळीतले बोल्ट मात्र नीट बघून घ्या. पितळी कड्यांना काही होत नाही, पण लोखंडी बोल्ट भोकाच्या आत गंजतो, बाहेरून दिसत नाही. पुन्हा टांगण्याआधी बोल्ट नवे घाला. झोपाळ्यावर मुलं बसतात, इथे काटकसर नको.

देव्हारा जपायला सोपा आहे, लहान आहे. सुकेपर्यंत देव दुसरीकडे पाटावर ठेवा आणि समई त्याच्याजवळ लावू नका. एका बाजूने ऊब लागली की तिथलीच फळी आधी आकसते आणि कळसाचे, कमानीचे बारीक सांधे उघडतात.

दिवाळीनंतर, वजनाचा आकडा थांबल्यावर, सुतार बोलवा. तो आला की आधी सांधे बघेल. तुमचं कपाट सासूबाईंच्या लग्नातलं असेल तर सांधे सरसाने जोडलेले असण्याची बरीच शक्यता आहे. सरस म्हणजे जनावरांच्या कातड्या-हाडांपासून केलेला जुना गोंद, पाण्यात विरघळतो. सांधा ढिला झाला म्हणून लोक हळहळतात, मला उलट बरं वाटतं. सरसाचा सांधा न मोडता सुटतो, जुना गोंद गरम पाण्याच्या फडक्याने पुसून निघतो, आणि खाचेत कुसू, म्हणजे तिच्यात शिरणारं लाकडाचं टोक, पुन्हा घट्ट बसवता येतं. सुतार सांध्यावर बाहेरून खिळा ठोकायला निघाला तर थांबवा. खिळ्याने सांधा घट्ट होत नाही, फक्त पुढच्या वेळी सोडवता येत नाही.

खिळ्यांभोवती, कुलपाभोवती निळे-काळे डाग आले असतील. तो मळ नाही, बुरशीही नाही. सागवानातलं टॅनिन आणि लोखंड ओलीत एकत्र आलं की अशी शाई तयार होते. पॉलिश पेपरने घासून तो जात नाही, खोलवर असतो. जुनं पॉलिश काढल्यावर ऑक्झॅलिक अ‍ॅसिडची पूड, दोन मोठे चमचे लिटरभर कोमट पाण्यात, ब्रशने डागावर लावतात. पंधरा-वीस मिनिटांत डाग फिका व्हायला लागतो. मग साध्या पाण्याने दोन-तीनदा पुसून घ्यायचं आणि पुन्हा चांगलं सुकवायचं. ही पूड विषारी आहे, काम पॉलिशवाल्यालाच करू द्या, आणि सुकल्यावर त्या जागेवर कोरडं घासणं नको, नाकात जाते. जुने लोखंडी स्क्रू काढून पितळी घाला, नाहीतर डाग पुन्हा येईल.

राहिलं पॉलिश. दाराच्या आतल्या, न दिसणाऱ्या कोपऱ्यात स्पिरिटचा एक थेंब टाका, अर्ध्या मिनिटाने बोट लावा. चिकट लागलं तर ते लाखेचं, म्हणजे फ्रेंच पॉलिश. म्हणूनच बाहेरून स्पिरिट लावू नका म्हणालो, ते पॉलिश विरघळवतं. पण हीच त्याची चांगली बाजूसुद्धा आहे. लाखेच्या पॉलिशवरचा पांढरेपणा म्हणजे त्या थरात अडकलेली ओल. लाकूड पूर्ण सुकल्यावर चांगला पॉलिशवाला मलमलीत गुंडाळलेला कापसाचा बोळा स्पिरिटने जेमतेम ओलावून भराभर फिरवतो, तेव्हा वरचा थर मऊ होऊन पुन्हा बसतो आणि खालचा जुना तांबूस रंग वर येतो. सगळं खरवडून नव्याने करायची गरज बरेचदा पडत नाही, आणि सासूबाईंच्या हाताने वर्षानुवर्षं आलेली झळाळी टिकते. थेंबाने काहीच झालं नाही तर पॉलिश मेलामाइन किंवा पीयूचं (पॉलियुरेथेनचं), म्हणजे प्लास्टिकसारख्या कडक थराचं आहे. ते पांढरं पडलं, पापुद्रे आले की दुरुस्ती होत नाही, पूर्ण काढावं लागतं. कुणी जुन्या लाखेवरच पीयू मारून ‘काचेसारखं’ करून देतो म्हणाला तर नको म्हणा. लाखेवर ते धरत नाही, आणि पुढच्या पुरात आत ओल कोंडून बसेल ती वेगळीच.

तुम्ही नदीकाठी राहता, तेव्हा दुरुस्तीच्या वेळी दोन गोष्टी करून घ्या. कपाटाच्या तळाच्या आणि पाठीच्या फळ्या खिळ्यांऐवजी पितळी स्क्रूने बसवा, म्हणजे पुढच्या वेळी पाच मिनिटांत सुटतील. आणि पायांच्या तळव्यांना, जिथे लाकडाचे तंतू उघडे असतात, तिथे पॉलिशचे तीन-चार हात द्या. पाणी तिथूनच सगळ्यात वेगाने वर चढतं आणि नेमकं तिथेच कुणी ब्रश लावत नाही.

आज एवढंच करा: मागच्या फळ्या सोडवून तो खण काढा, धुवा, आणि संध्याकाळपर्यंत वाण्याच्या काट्यावर त्याचं पहिलं वजन करून मागे खडूने लिहा. खण जागचा हललाच नाही तर आणखी जोर लावू नका, मागून एक फोटो काढून मला दाखवा, ठोकळा कुठे टेकवायचा ते सांगतो.